परदेशी जाण्याआधी पाहिलेले नागपूर : अनुभव धागा

धागा सुरू करणारी शिक्षिका

उच्च शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या विद्यार्थ्यांना घेऊन मी काही वर्षांपासून नागपूरच्या आसपास एकेका दिवसाच्या अभ्याससहली काढते. व्हिसाची आणि गरम कपड्यांची तयारी घरोघरी कसून होते. पण तिकडे कोणी ‘तुमच्या गावी काय आहे?’ असे विचारले की आमची मुले संत्री आणि झिरो माइल यांच्यापुढे जात नाहीत, हे वारंवार कानावर येत असे. अशा सहलींना गेलेल्यांनी आणि मुलांना पाठवणाऱ्या पालकांनी आपले अनुभव चुकांसह लिहावेत, ही विनंती.

भूशास्त्राचा विद्यार्थी, सध्या जर्मनीत

काटोल रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन, पण जुनापाणीची शिळावर्तुळे सहलीतच प्रथम पाहिली. लोहयुगातील माणसांनी आपल्या मृतांभोवती रचलेली अशी सुमारे ३०० वर्तुळे तिथे आहेत आणि काही शिळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. सरांनी माहिती सांगण्याआधी आम्हांला एकेक वर्तुळ वाटून दिले. शिळा मोजायच्या, पावलांनी व्यास घ्यायचा आणि वहीत आकृती काढायची. भर उन्हात दोन तास गेले. नंतर अजब बंगल्यात समजले, की ज्या १८६३ साली हे संग्रहालय सुरू झाले, त्याच साली टाकळघाटची अशीच वर्तुळे पाहून परतताना स्टीफन हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाले. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय मी रोज पाहत होतो, ते आपल्या जमिनीचा अभ्यास करणारे भूशास्त्रज्ञही होते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. इकडच्या पहिल्या चर्चासत्रात मी तीच वही उघडली.

एका विद्यार्थ्याची आई

मुलगा लहानपणापासून आमच्यासोबत रामटेकला जात असे, पण ते दर्शनापुरते. सहलीत मुले तिथल्या केवल नरसिंह मंदिरातील, वाकाटक राजवंशाच्या काळातील शिलालेखापाशी बराच वेळ थांबली आणि मग वाकाटकांची जुनी राजधानी मानल्या जाणाऱ्या नगरधनला गेली. घरी येऊन त्याने गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्याविषयी आजीला सांगितले, तेव्हा सासूबाईंनी त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेला बैलगाडीने जाण्याच्या आठवणी काढल्या. त्या त्याने फोनवर ध्वनिमुद्रित करून सोबत नेल्या आहेत.

जलव्यवस्थापनाची विद्यार्थिनी, नेदरलँड्स

माझा पहिला अनुभव चांगला नव्हता. एका सहल कंपनीने आम्हांला पेंचला नेले आणि दिवसभर वाघामागे जिप्सी धावल्या. साग, मोह, तेंदू यांच्याकडे कोणी बोटही दाखवले नाही. पुढे आम्ही मैत्रिणी स्वतःच नवेगाव खैरीला गेलो. आमच्या घरच्या नळाला येणारे पेंच नदीचे पाणी या जलाशयातून निघते, हे काठावर उभे राहून पाहिले, तेव्हा जंगल आणि शहर यांचा संबंध मला खऱ्या अर्थाने कळला. आता याच विषयावर मी प्रबंध लिहीत आहे.

धागा सुरू करणारी शिक्षिका

या वर्षी निघणाऱ्यांसाठी एक सूचना. मोहाची फुले वेचणे पाहायचे असेल, तर मार्च-एप्रिलमध्ये पहाटे जावे लागते, आणि पावसाळ्यात पेंचच्या गाभा क्षेत्रातील सफारी बंद असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणारी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, मात्र बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे अनेकांच्या प्रस्थानाच्या सुमारास येते. शक्य असल्यास विमानाचे तिकीट त्यानंतरचे काढावे.