शाश्वत विकास उद्दिष्टे कारखान्याच्या धोरणात कशी आणावीत? सल्ला हवा आहे

रबाळेकर:
नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमचा झिंक प्लेटिंगचा, म्हणजे धातूच्या मालावर जस्ताचा मुलामा देण्याचा, कारखाना आहे. कायम आणि ठेकेदाराकडचे धरून ऐंशीच्या आसपास कामगार आहेत. आमची दोन मोठी गिऱ्हाइके शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या असून त्यांच्या खरेदी विभागाने गेल्या महिन्यात चाळीस प्रश्नांची यादी पाठवली: वीज किती, पाणी किती, अपघात किती, ठेकेदाराच्या माणसांचा पीएफ भरला जातो का. एक सल्लागार सर्व १७ उद्दिष्टांची रंगीत चिन्हे घातलेला अहवाल करून देण्यास तयार आहे. आम्ही दर पावसाळ्यात झाडे लावतो, शाळेला वह्या देतो. ते त्यात बसेलच. पण हे सारे धंद्याच्या धोरणात आणायचे म्हणजे नेमके काय करायचे?

घणसोलीकर:
अहवाल सर्वांत शेवटी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर हा पर्यावरण, कामगार आणि कारभार यांविषयीचा अहवाल सक्तीचा केला आणि त्यांच्या मोठ्या पुरवठादारांची माहितीही हळूहळू त्या चौकटीत येत आहे. त्यामुळे तुमच्या यादीचा संबंध दानधर्माशी नसून पुढच्या ऑर्डरशी आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये १७ उद्दिष्टे स्वीकारली, पण कारखान्याच्या उपयोगाची आहेत ती त्यांच्या पोटातली १६९ लक्ष्ये. 'उद्दिष्ट ६, पाणी' एवढे सांगून फोरमनला काहीच बोध होत नाही, ६.३ सांडपाण्यातील प्रदूषण कमी करण्याविषयी आणि ६.४ पाण्याच्या काटकसरीविषयी आहे, असे सांगितले की तो थेट मुलाम्यानंतर माल धुण्याच्या टाकीकडे पाहतो. प्लेटिंगवाल्याने ही दोन, रसायने व कचऱ्यासाठी १२.४ आणि कामगारांच्या सुरक्षिततेसाठी ८.८ एवढीच घ्यावीत. बाकीच्या चौदा चिन्हांचा मोह टाळावा.

आमच्याकडे एकच टाकी आणि दिवसभर उघडा नळ असा प्रकार होता. तिच्या जागी तीन टाक्या ओळीने ठेवल्या, ताजे पाणी शेवटच्या टाकीत सोडून ते उलट दिशेने पहिलीकडे आणले आणि जिग, म्हणजे माल टांगायची चौकट, प्लेटिंगच्या टाकीवर काही सेकंद निथळू देण्याची शिस्त लावली. पाणी तर वाचलेच. शिवाय धुण्याच्या पाण्यात जाणारे जस्त घटल्यामुळे ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा) गाळ आणि तो तळोज्याच्या घातक कचरा केंद्राला पाठवण्याचा खर्चही कमी झाला.

वागळे इस्टेटवाला हिशेबनीस:
वरील सल्ल्याला एक पुरवणी जोडतो. धोरण कंपनीच्या पत्रकात नसते, ते पैसे मंजूर होतात तिथे असते. यंत्रखरेदीच्या टिपणात किमतीशेजारी दर किलो मालामागे वीज आणि पाणी असे दोन रकाने घाला, आणि ठेकेदाराचे बिल पीएफच्या चलनाशिवाय मंजूर करू नका. झाडे आणि वह्या चालू ठेवाव्यात, पण त्यांना धोरण म्हणू नये. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा खर्चसुद्धा नफा झाल्यानंतरचा खर्च आहे, तर इथे प्रश्न नफा कसा मिळवता याचा आहे.

उद्दिष्टे एकमेकांच्या आड येतात, हेही ध्यानात ठेवा. सांडपाण्याचा थेंबही बाहेर जाऊ नये म्हणून बाष्पीभवन यंत्र बसवले, तर पाण्याचे उद्दिष्ट साधते, पण इंधनाचे बिल आणि धूर वाढतो. आधी पाणी कमी वापरावे, मग उरलेल्याचा विचार करावा.

रबाळेकर:
दोघांचे आभार. काल बादली आणि घड्याळ घेऊन टाकीपाशी उभा राहिलो. वीस लिटरची बादली सत्तर सेकंदांत भरली, म्हणजे दोन पाळ्यांच्या सोळा तासांत जवळपास साडेसोळा हजार लिटर, आणि त्यातला बराच वेळ टाकीत मालच नव्हता. सल्लागाराला तूर्त थांबायला सांगितले आहे. तीन टाक्यांना जागा नाही. जुन्याच टाकीत आडभिंती घालून तीन कप्पे केले तर चालेल का?

घणसोलीकर:
चालेल, फक्त प्रत्येक कप्प्यात तुमचे सर्वांत मोठे जिग पूर्ण बुडायला हवे. भिंतींची उंची पाण्याच्या वाटेनुसार उतरती ठेवा, आणि नळावर आधी मीटर बसवा.