प्रौढांच्या चित्रपटातली जलपरी: शेपूट राहू द्यावं की काढावं?

तिरपागडा: जलपरीवरच्या कामुक चित्रपटांची गंमत बहुतेकदा एकाच ठिकाणी मरते. ती खडकावर पहुडलेली, ओले केस पाठीला चिकटलेले. त्याची बोटं तिच्या कंबरेवरून खाली सरकतात आणि कातडी संपून खवले सुरू होतात तिथे घुटमळतात. इथवर श्वास रोखून बघावं असं. पुढच्या दृश्यात शेपूट गायब, दोन पाय हजर! मग नेहमीचाच कार्यक्रम, फक्त बाईचे केस ओले. माझं म्हणणं, शेपूट शेवटपर्यंत राहू द्या. सोय नसणं हाच या कल्पनेचा जीव आहे. मध्ययुगीन युरोपात चर्चमध्ये जलपऱ्या कोरल्या जात, हातात आरसा आणि फणी, वासनेपासून सावध करायला. त्या कारागिरांनी शेपूट झाकलं नाही. (ग्रीकांच्या सायरन, म्हणजे गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या बाया, मुळात अर्ध्या पक्षी, मासा नंतर झाल्या. पण ते अवांतर.)

कडूकारलं: साफ असहमत. तुम्हाला जी ओढ वाटते ती मला आयती सापडलेली बाई वाटते. जमिनीवर पळता येत नाही, जगाची माहिती नाही, बहुतेकदा तोंडातून शब्द नाही. डॅनिश लेखक अँडरसनच्या १८३७ च्या जलपरीच्या कथेत पाय मिळावेत म्हणून तिची जीभ कापतात, आणि मग प्रत्येक पाऊल सुरीवर पडल्यासारखं दुखतं. स्कॉटलंडच्या लोककथांत सील माशासारखं कातडं उतरवून बाई होणाऱ्या सील-स्त्रीचं ते कातडं लपवून पुरुष तिला बायको करून घेतो. हिचा होकार कुणी विचारलाय?

तिरपागडा: कातडं लपवणं म्हणजे शेपूट काढून घेणंच की. तुम्ही माझीच बाजू मांडताय.

कडूकारलं: मुळीच नाही. शेपूट ठेवून मुकीच ठेवली तर काय फरक पडला?

पाणबुडा: तुम्ही दोघं पडद्यावरच्या जलपरीवर भांडताय, त्या शेपटात एक हाडामांसाची बाई असते. दोन्ही पाय एकाच मोनोफिनमध्ये, म्हणजे पोहायच्या एकाच रुंद परात, अडकवलेले. सिलिकॉनचं शेपूट १५-२० किलोचंही असतं. मास्क नाही, म्हणजे समोरचा नट तिला नुसता धूसर ठिपका. त्यात डोळे सताड उघडे, नाकातून बुडबुडा नाही, आणि चेहऱ्यावर मीलनाची आस! हवा घेऊन येणारा डायव्हर चौकटीबाहेर थांबलेला. फ्लोरिडातल्या वीकी वाची झऱ्यात १९४७ पासून जलपऱ्यांचे खेळ होतात, तिथे कलाकार नळीने श्वास घेतात. तो कौटुंबिक कार्यक्रम, नळी दिसली तरी चालते. शृंगारात नळी कशी दाखवणार? शिवाय पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. जरा खोल गेलात आणि दिवे नसले, तर ओठ काळपट आणि अंग हिरवट. मला तर वाटतं, शेपूट काढतात ते कल्पना संपते म्हणून नाही, पैसे संपतात म्हणून.

फाटकंतोंड: बेल्जियन चित्रकार मॅग्रिटने १९३४ मध्येच चित्र काढून प्रश्न सोडवलाय. वर मासा, खाली बाईचे पाय. करा चित्रपट!

तिरपागडा: झक्कास! सोय शंभर टक्के, ओढ शून्य. सिद्ध झालं.

कडूकारलं: ओढ शून्य, कारण तिला चेहरा नाही, नजर नाही. मी पहिल्यापासून तोंडाबद्दलच बोलतेय, शेपटाचा हट्ट तुमचा. चौदाव्या शतकाच्या अखेरच्या फ्रेंच कथेतली मेल्युसीन बघा. कमरेखाली साप, पण लग्नाआधी अट घालते: शनिवारी मला बघायचं नाही. नवरा अट मोडतो आणि शेवटी ती निघून जाते. अशी बाई घ्या, तिला त्याला पाण्यात ओढू द्या, काय हवं ते तिच्या तोंडून येऊ द्या. मग मीही बघेन.

तिरपागडा: अटीचं मान्य. पाय मात्र देणार नाही.

पाणबुडा: बोलती हवी असेल तर तेवढं पाण्याबाहेर उरका. खाली संवाद होत नाहीत, आणि तोंड उघडलं की पाणी जातं.