मदत हवी आहे: आजीचा अंगठा लागत नाही, दोन महिने रेशन बंद

सातपुड्यातला
आजीला दोन महिने धान्य मिळालं नाही. दुकानदार म्हणतो केवायसी नाही, अंगठा लागत नाही. तीनदा नेलं. मोबाईलवरून पण होत नाही, ओटीपीच येत नाही. मी सुरतला कामाला असतो, चार दिवसांची सुट्टी काढून आलोय, रविवारी परत जायचंय. लवकर सांगा काय करायचं.

पुरवठ्यातून_निवृत्त
अर्धीच माहिती दिलीत. तालुका कोणता? कार्ड पिवळं की केशरी? कार्डावर किती नावं? महिन्याचं धान्य घ्यायला घरातल्या कोणाही एकाचा अंगठा चालतो. केवायसी मात्र प्रत्येकाची वेगळी. तुमचं नक्की काय अडलंय?

नाशिकची_ताई
लाडक्या बहिणीच्या केवायसीत माझ्या कामवाल्या मावशींचं असंच झालं होतं. रात्री ११ नंतर साइट उघडा, गर्दी कमी असते, ओटीपी लगेच येतो.

पुरवठ्यातून_निवृत्त
ताई, ते रेशनचं विचारतायत. आणि ती योजना ६५ वर्षांपर्यंतच आहे.

सातपुड्यातला
तालुका धडगाव, नर्मदेच्या बाजूचा पाडा. कार्ड पिवळं, अंत्योदय. नाव एकट्या आजीचं. काका वेगळे निघाले तेव्हा कार्ड पण वेगळं झालं. दुकान दीड तास चालत. तिथे पण रेंज नाही, दुकानदार मशीन घेऊन टेकडीवर सागाच्या झाडाखाली बसतो, लोक तिथे रांग लावतात.

मेळघाट_धारणी
चेहऱ्यावरून करा ना! 'मेरा ई-केवायसी' आणि चेहरा ओळखणारं 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप टाका, आधार नंबर द्या, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायचे, झालं. आमच्याकडे कोरकू पाड्यांवर मी स्वतः कितीतरी म्हाताऱ्यांची केली. पाठीमागे पांढरी चादर धरा, सकाळचा उजेड बघा.

अक्कलकुव्याहून
त्या ॲपलाच ओटीपी लागतो भाऊ. धागा नीट वाचा. दादा, आधारला नंबर कोणाचा आहे?

सातपुड्यातला
कॅम्पमध्ये आधार काढलं तेव्हा आजीकडे फोनच नव्हता. कॅम्पवाल्याने कुठला तरी नंबर टाकून दिला. तो आता बंद आहे. हे आधी सांगायला हवं होतं, चुकलं माझं.

मेळघाट_धारणी
मग आधी नंबर बदला, मग ॲप. पण अंगठ्याच्या मागे लागू नका, वेळ जाईल.

अक्कलकुव्याहून
अंगठ्याच्या मागे लागायलाच हवं. आज केवायसी झाली तरी एकटीचं कार्ड आहे, दर महिन्याला मशीनवर कोण लावणार? आधार केंद्रात बोटं नव्याने घ्या आणि नंबर पण टाका, एकाच फेरीत. आमच्या दुकानातल्या नव्या मशीनला डोळ्याचा स्कॅनर पण आहे, तोही विचारा.

सातपुड्यातला
आजीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. अंगठ्याचं सांगतो. दुकानदाराने आधी केसांवर घासायला लावला, मग ओल्या फडक्याने पुसला, मग दहाही बोटं एकेक करून लावली. दर वेळी लाल दिवा. मोह वेचून आणि जात्यावर दळून बोटांच्या रेषाच गेल्यात. ती मला विचारत होती, 'माझा हात चोराचा आहे का?'

पुण्याहून_संगणकवाला
मूळ प्रश्न नेटवर्कचा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्याने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात नंदुरबार आणि गडचिरोली आहेत. पाड्यापाड्यावर डिश बसली की हे सगळं सुटेल.

अक्कलकुव्याहून
डिश आली तर आम्हाला हवीच आहे. पण झिजलेल्या अंगठ्याला आकाशातलं नेट काय करणार? आणि आजी आज काय खाणार?

वनहक्क_कार्यकर्ता
आजोबांच्या नावे वनपट्टा आहे का? २००६ च्या वनहक्क कायद्यात तो नवरा-बायको दोघांच्या नावे असतो आणि वारसाने पुढे जातो. तेही बघून घ्या. पट्टा नसेल तर ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे दावा टाका.

सातपुड्यातला
पट्ट्याचं नंतर विचारीन दादा. आत्ता धान्याचं सांगा.

पुरवठ्यातून_निवृत्त
आता नीट सांगतो. केवायसी नंतर करा, आधी धान्य मागा. केंद्राच्या अन्न विभागाचं २४ ऑक्टोबर २०१७ चं पत्र आहे. नेटवर्क नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नये, आधार कार्ड आणि रेशनकार्ड बघून द्यावं, वेगळ्या वहीत नोंद ठेवावी. अंत्योदयचे ३५ किलो कार्डामागे आहेत, माणसं मोजून नाहीत. तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. १९६७ या रेशनच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, क्रमांक लिहून ठेवा. दाद मिळाली नाही तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १५ खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहेत. बुडलेल्या महिन्यांसाठी कलम ८ मध्ये अन्नसुरक्षा भत्ता आहे, तोही अर्जात मागा.

मेळघाट_धारणी
काका, कागदावर सगळं असतं. दुकानदार म्हणतो मशीन चालू देत नाही.

पुरवठ्यातून_निवृत्त
म्हणून तर तहसीलला जा म्हणतोय. दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, त्याचाही हिशोब मशीनवरच होतो. लेखी आदेश हातात आला की तो देतो. मी अशा वह्या तपासल्या आहेत.

सातपुड्यातला
अपडेट. काल आजीला मोटरसायकलवर मधे बसवून नेलं, भाऊ मागे धरून. आधार केंद्रावर दुपारी चारला नंबर लागला. चार बोटं बरी आली, माझा मोबाईल नंबर टाकला. अपडेट व्हायला काही दिवस लागतील म्हणाले. तहसीलमध्ये अर्ज आधी घेतच नव्हते. पत्राची तारीख सांगितली तेव्हा साहेबांनी वाचला आणि शिक्का दिला. दुकानदाराला फोन गेला. आज या महिन्याचे ३५ किलो वहीत लिहून मिळाले. मागच्या दोन महिन्यांचं काहीच बोलत नाहीत. शिक्क्याचा कागद आजीच्या पेटीत ठेवलाय, फोटो माझ्याकडे आहे. काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. जिल्ह्याचा अर्ज सुरतहून पोस्टाने पाठवला तर चालेल का?

पुरवठ्यातून_निवृत्त
चालेल. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा. सोबत शिक्क्याच्या कागदाची झेरॉक्स आणि १९६७ चा तक्रार क्रमांक जोडा. अर्ज आजीच्या नावाने, अंगठा तिचाच. कागदावर शाईचा ठसा चालतो. आज निघायच्या आधी घेऊन ठेवा.