एफवायला मानसशास्त्र: नोट्स डिक्टेट करायच्या की नाही?

सीएचबीवाली
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या कॉलेजात यंदा सीएचबीवर (म्हणजे तासिका तत्त्वावर) एफवायबीएला सामान्य मानसशास्त्र घेतेय. वर्ग गच्च, माध्यम मराठी, बरीच पोरं एसटीने येणारी. मी समजवायला लागले की पेनं खाली आणि मागून आवाज, "मॅडम लिहून द्या ना." सिनियर सर म्हणतात डिक्टेट कर, पोर्शन संपव, डोक्याला ताप नको. पण स्मृती-विस्मरणाचं प्रकरणच डिक्टेट करायचं हे मला कसंतरीच वाटतं. एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये सांगितलं की शिकलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं, आणि आपण तेच वहीत उतरवून परीक्षेपर्यंत झाकून ठेवायला लावतो. प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांनी सांगा, काय करता?

खडूफळा
डिक्टेशन एकदम बंद नका करू, पोरं बिथरतात. मी मुद्द्यांचं अर्धं पान देतो आणि तासाची पहिली दहा मिनिटं वह्या बंद, मागच्या तासाचं आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं, मार्क नाहीत, नाव नाही. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग आहे, एका गटाने उतारा परत वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर परत वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणाऱ्यांना साधारण ५६ टक्के आणि वाचणाऱ्यांना ४२. हा निकालच पोरांना फळ्यावर लिहून दाखवा, कारण "वाचलं की येतंय" असं त्यांना का वाटतं ते त्या पाच मिनिटांत आहे.
आणि स्ट्रूपचा रंग-शब्दांचा प्रयोग (१९३५) रंगीत खडूने घ्या. हिरव्या खडूने "लाल", पिवळ्याने "निळा", शब्द वाचायचा नाही, रंग सांगायचा, मोबाईलवर वेळ लावायची. वर्गात जो गोंधळ होतो त्यात अवधान (म्हणजे लक्ष) आपोआप शिकवून होतं, लिहून द्यायचं एका ओळीत आटपतं.

टीवायवाला
विद्यार्थी म्हणून लिहितो. आमच्या मॅडमनी एकदा अपघाताचा व्हिडिओ दाखवून दोन प्रकारच्या चिठ्ठ्या वाटल्या, निम्म्यांना "गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता" आणि निम्म्यांना "गाड्या एकमेकींवर जोरात आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा". नंतर कळलं हा लॉफ्टस आणि पामरचा १९७४ चा प्रयोग. मूळ प्रयोगात फुटलेल्या काचा दिसल्या का असं आठवड्याने विचारलं तर जोरदार शब्दवाल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साध्या शब्दवाल्या ५० पैकी ७, आणि व्हिडिओत काच फुटलीच नव्हती! पेपरात आला तेव्हा गाईड उघडायची गरज पडली नाही.
फक्त एक विनंती, "तुमच्या घरचा ताणाचा अनुभव सांगा" असं सगळ्यांसमोर नका विचारू प्लीज. गावात सगळे एकमेकांना ओळखतात.

जुनाखोड
वरच्यांचं सगळं ठीक, पण एक गोष्ट कोणी बोलत नाही. मराठीत वाचायला पुस्तक कुठंय? लायब्ररीत दोन प्रती, त्याही कोणाच्या तरी घरी. त्या पोराकडे रात्री अभ्यासाला तुमची वहीच असते, म्हणून डिक्टेशनला शिव्या घालू नका. लिहून द्या, पण काय देता ते बघा. मिलग्रॅमचा आज्ञापालनाचा प्रयोग घ्या, त्यात संशोधकाच्या हुकमावरून दुसऱ्या माणसाला विजेचे (प्रत्यक्षात खोटे) शॉक द्यायचे होते. त्याचं सगळे "६५ टक्के लोकांनी शेवटपर्यंत शॉक दिला" एवढंच देतात. तो प्रयोगाच्या एका प्रकारातला आकडा, ४० पैकी २६. संशोधक खोलीत न थांबता फोनवरून हुकूम देत होता तेव्हा शेवटपर्यंत जाणारे पाचातले एक जेमतेम. हे दिलं तर पोरं स्वतःच विचारतात, असं का? तसंच झिम्बार्डोचा १९७१ चा तुरुंगाचा प्रयोग, ज्यात विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी केलं होतं. तिथल्या पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना दिल्या होत्या, यावर २०१९ मध्ये जुन्या कागदपत्रांवरून चांगलीच टीका झाली. तो अजूनही सिद्ध सत्य म्हणून शिकवणारे माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्याशी वाद घालून दमलो.

सीएचबीवाली
@जुनाखोड सर, पुस्तकाचा मुद्दा डोक्यातच नव्हता, आभार. उद्या कोरा कागद करून बघते. मुली वर्गात उत्तरच देत नाहीत, त्याचं काय?

खडूफळा
हात वर करायला लावूच नका. चिठ्ठीवर नाव न घालता लिहून घ्या, डब्यात टाका, तुम्ही वाचा. आणि बाकांवर दोघी-दोघी आधी आपसात बोलू देत, मग विचारा.