'मंडळी' स्थापन होते का?

शब्दवेडी: एका जुन्या मिशन रिपोर्टचं भाषांतर करतेय. त्यात आहे की गावात चर्च आधी स्थापन झालं आणि चर्च चार वर्षांनी बांधलं. मी पहिल्याला, म्हणजे लोकांच्या समूहाला, 'मंडळी' आणि दुसऱ्याला, म्हणजे इमारतीला, 'देऊळ' लिहिलं, तर तपासणाऱ्याने दोन्हीवर काट मारली, वर शेरा: "मंडळी स्थापन होत नाही, जमते." माझ्या आजोळी, नगरला, सगळे हेच बोलायचे हो!

रानवारा: आमचे आजोबा आजीला मंडळी म्हणायचे. "मंडळी माहेरी गेलीय." ती तर स्थापन झालेलीच होती 😀

दोन_दमड्या: तपासणाऱ्याला मराठी बायबल दाखवा. मत्तयात "ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन" असं चक्क आहे. आणि प्रकटीकरणात सात 'मंडळ्या'. हे अनेकवचन ख्रिस्ती मराठीबाहेर मी तरी 'नाटक मंडळ्या' सोडून फारसं ऐकलं नाही.

जुनी_वही: मूळ ग्रीक एक्लेसिया म्हणजे बोलावून जमवलेली सभा, त्यामुळे मंडळी अगदी चपखल. गंमत म्हणजे गोव्यातलं 'इगर्ज' त्याच एक्लेसियावरून पोर्तुगीजमार्गे आलं, पण तिथे अर्थ झाला इमारत!

खडूस: सरळ 'चर्च' लिहा. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, दोनशे वर्षं झाली, शब्द मराठीच झालाय आता. 'देऊळ' लिहिलंत तर वाचणारा घंटा शोधेल.

शब्दवेडी: घंटा होती की! रविवारी पहिली घंटा झाली की आजी चष्मा आणि उपासनासंगीत (गीतांचं पुस्तक) पिशवीत टाकायची आणि "चला देवळात, पाद्रीसाहेब आले असतील".

दोन_दमड्या: पाद्री नको, पाळक. पाद्री म्हणजे पोर्तुगीज पाद्रे, बाप. प्रोटेस्टंट लोक फादर म्हणत नाहीत आणि पाद्री चालतो, हे कसं?

खडूस: चालतो कारण लोक म्हणतात. व्युत्पत्ती बघून कोण हाक मारतं?

जुनी_वही: पाळक शब्द छानच आहे, पास्टर म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळच. पण मोबाईल दर वेळी त्याचं पालक करतो. मागे ग्रुपवर मेसेज गेला होता, "नवीन पालक रविवारी येणार, सर्वांनी हजर राहावे".

रानवारा: भाजी की आईबाप?

शब्दवेडी: अहो, माझं वाक्य! उद्या द्यायचंय.

रानवारा: पण पालकाला नगरकडे 'पालख' म्हणतात ना?