मुलांबरोबर चित्रसंग्रहालयात: तुमचे अनुभव लिहा

हात लावू नका, पळू नका, फ्लॅश नको, खाऊ नको, सॅक बाहेर ठेवा. मुलांना घेऊन चित्रं बघायला गेलं की दारातच ही यादी भेटते. तुम्ही काय केलंत, काय जमलं, कुठे खटकलं, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

माझा मुलगा सहा वर्षांचा, प्रत्येक नियमाला 'का?' विचारणारा. जायच्या आदल्या दिवशी त्याला आरशावर बोट टेकवायला लावलं. उमटलेला ठसा त्याने स्वतः पाहिला. घामातलं मीठ आणि त्वचेचं तेल तिथे राहतं, ब्राँझसारख्या धातूवर तर असा ठसा हळूहळू कायमचा कोरला जातो, हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो हात पाठीमागे बांधून फिरला आणि मलाच दोनदा मागे ओढलं! कारण कळलं की मुलं नियम मनापासून पाळतात, असं माझं ठाम मत झालंय.

– आमच्या लेकीचं स्केचपेन रक्षकांनी काढून घेतलं. ती रडवेली झाली. त्यांनी खिशातून पेन्सिल काढून दिली आणि खाली बसून समजावलं, "शाईचा डाग निघत नाही गं, पेन्सिलचा बहुतेक वेळा पुसता येतो." मग एकाच पुतळ्यासमोर ती कितीतरी वेळ बसली. कानाची पाळी, बोटांची नखं, सगळं काढलं. बाकीची दालनं राहिली, पण मला त्याचं काहीच वाटलं नाही. मुलांना सगळं दाखवायचा अट्टहास नकोच.

– तान्हं बाळ असेल तर आधी फोन करा. काही ठिकाणी बाबागाडी चालते पण बाळ पाठीवर घेतलेलं चालत नाही, कारण वळताना मागचं दिसत नाही.

– मला मात्र राग आहे. तीन वर्षांचा मुलगा दोरीजवळ गेला म्हणून रक्षक त्याच्यावर सगळ्यांदेखत खेकसले. अंतर ठेवायलाच हवं, पण बोलायची ही रीत नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्ये इस्रायलमधल्या हैफा शहराच्या हेक्ट संग्रहालयात चार वर्षांच्या मुलाकडून सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीचा रांजण फुटला. त्यांनी त्या कुटुंबाला पुन्हा भेटीला बोलावलं, रांजण जोडून परत मांडला. असं मोठं मन सगळीकडे हवं.

– नातीने जलरंगांच्या दालनात विचारलं, "आजोबा, इथे दिवे गेलेत का?" कागदावरच्या चित्रांसाठी प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक), म्हणजे बराच मंद ठेवतात. उजेडाने रंग उडतो, तो परत येत नाही, म्हणून अशी चित्रं अधूनमधून काढून अंधारात ठेवतात. हे ऐकल्यावर तिला सगळी चित्रं झोपायला कधी जातात ते हवं होतं! डोळे सरावेपर्यंत दाराशी थांबा, मग छान दिसतं.

– माझी मुलगी स्वमग्न आहे. तिला वस्तू हाताळल्याशिवाय राहवत नाही आणि गर्दीचा आवाज सोसत नाही. मी आधीच विचारलं, तेव्हा कळलं की तिथे शांत वेळ राखीव असते आणि हाताळायला प्रतिकृतीही मिळतात. तिने प्रतिकृतीचं नाक, ओठ, केसांच्या बटा चाचपल्या, मग काचेतल्या मूळ मूर्तीपाशी गेली आणि तेच नाक बोटाने हवेत गिरवलं. सगळीकडे अशी सोय नसते, पण विचारा. आपण विचारत राहिलो तर ती वाढेल.