पायलट नायक, मालदीव आणि सस्पेन्स: पटतंय का?

पुस्तककिडा: सस्पेन्स कादंबरी लिहितोय. नायक पायलट, अपघातानंतर दारू, घटस्फोट, सगळं बुडालं, म्हणून मालदीवला सीप्लेन उडवायला जातो आणि तिथे त्याला रात्री गुपचूप एका बेटावर पेटी पोचवायचं काम मिळतं. पटेल का?

ढगातला: रात्रीचं काढून टाक रे, तिथली सीप्लेन्स फक्त दिवसाउजेडी उडतात, पाण्यावर कुठले आलेत रनवेचे लाइट. उलट सूर्यास्ताचीच डेडलाइन ठेव, ट्विन ऑटर (तिथलं सीप्लेन) बेटालगतच्या शांत, उथळ पाण्यात, म्हणजे लगूनमध्ये उतरलंय, पेटी अजून आली नाही आणि उजेड चाललाय. आणि पायलट बरेचदा अनवाणीच असतात, हे नक्की टाक, मस्त वाटतं.

आक्काबाई: दारूचं काय पण? कमर्शियल पायलटला ठराविक काळाने मेडिकल द्यावी लागते, तिथे लपवलं असेल तर पेटीपेक्षा तेच भारी गुपित आहे. शेजारी को-पायलट बसलेला असतो ना, त्याला कळलंय असं दाखव.

पुस्तककिडा: को-पायलट डोक्यातच नव्हता! एकटाच उडवत होता माझा हीरो.

ढगातला: एकटाच हवा तर पापुआ न्यू गिनीला पाठव, छोटं विमान, डोंगरातल्या धावपट्ट्या, चढावर उतरायचं नि उताराकडे उडायचं, दुपारी ढग भरले की संपलं. मला तर मालदीवपेक्षा तेच आवडेल. रिसॉर्ट बघून कोण घाबरतंय?